हात मोजणारा

मे महिन्यातला पहिला रविवार. चौकात अजून
सावलीच्या अंगाला बर्फाची मळकी कड,
आणि आम्ही साडेसातशे माणसं, गळ्यापर्यंत गुंड्या लावून
दोरानं आखलेल्या रिंगणात उभी.
आमच्या या आल्प्सच्या खोऱ्यात मत पेटीत टाकत नाहीत.
हात वर करतात. उघड्यावर. शेजाऱ्यादेखत.
कुणी कुणाचा हात पिरगळत नाही.
पोलीस एकच, तोही माझा मेहुणा.

मी लाकडी मंचावर, हात मोजायला.
एकोणीस वर्षं हेच काम. खरं तर मोजत नाही,
नजरेनं जोखतो, गवळी कॅनमधलं दूध जोखतो तसं.
शेत वाऱ्यानं कुठे कललंय ते बघायचं
आणि सांगायचं : बहुमत.

त्या वर्षी विषय बोगद्याचा होता.
डोंगर पोखरायचा, शहर वीस मिनिटांनी जवळ आणायचं.
बाजूनं कोण?
हातांचं रान उठलं.
विरोधात कोण?
हे विचारायचं म्हणून विचारतात.
लोक टोप्या घालू लागले होते, बिअरचा वास सुटला होता,
आणि कारंज्याजवळ
एक हात.
राखाडी लोकरी हातमोजा, अंगठ्याशी उसवलेला.

रेगुला एग्लॉफ. गावातली श्रवणयंत्रं दुरुस्त करते.
निम्म्या म्हाताऱ्यांचे कान तिच्या टेबलावर
चिमट्याखाली उघडे पडलेले असतात,
म्हणून तिच्याशी सहसा कुणी वाकडं बोलत नाही.
त्या दिवशी बोलले.
"हात दाखवून अवलक्षण," माझ्यामागे लीनहार्ट पुटपुटला.

तिनं काय केलं होतं? पत्रक वाचलं होतं.
घरोघरी आलेलं, चौसष्ट पानी.
आमच्याकडे त्यानं शेगडी छान पेटली.
पान अडतीस, तळटीप : वरच्या वाडीचा झरा
आटण्याची शक्यता नाकारता येत नाही.
एवढंच तिनं वाचून दाखवलं. आवाज चढवला नाही.
थंडीनं नाक गळत होतं, ते मोज्यानंच पुसलं.

मी म्हणालो, प्रचंड बहुमत.
नियमानं पुढे म्हणायचं असतं, विरोधी मतं इतकी.
म्हणालो, एक.
एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच
मी खरोखर काही मोजलं होतं.

बोगदा झाला. चार वर्षं लागली.
झरा आटला नाही.
उलट थोडा जास्तच वाहतो, वाडीवाले हसत सांगतात.
पुढच्या सभेत ती पुढे आली,
माइक आपल्या उंचीला खाली ओढला
आणि म्हणाली, माझा अंदाज चुकला.
टाळ्या पडल्या. जरा जास्तच पडल्या.
मग शाळेचा विषय निघाला,
आणि तिनं पुन्हा एकटीनं हात वर केला.
तोच मोजा. अंगठा आता शिवलेला, भलत्याच रंगाच्या दोऱ्यानं.

तेव्हापासून जोड्यात खडा गेल्यासारखं चालतोय.
आम्ही बरोबर होतो, हे खरंच.
पण ते बरोबर असणं आमचं नव्हतं,
शेजाऱ्याच्या कोपराकडे बघून उसनं घेतलेलं.
लॉटरी लागलेल्यानं कष्टाच्या गोष्टी सांगाव्यात
तसे आम्ही वर्षभर त्यावर बोललो.
तिची चूक मात्र तिची होती.
पान अडतीसपर्यंत चालत जाऊन केलेली.

मंचावरच्या माणसालाही मत असतं.
त्या दिवशी माझाही हात वर गेला होता,
सगळ्यांच्या किंचित नंतर,
वरून दिसतं ना सगळं.

यंदाचं पत्रक मी शेगडीपासून लांब ठेवलंय.
रात्री स्वयंपाकघरात वाचतो. बायको विचारते, आजारी आहेस का?
आठवं पान कळलं नाही, परत वाचतोय.
रविवार परवावर आला
आणि माझा हात कुठे जाईल, मला ठाऊक नाही.
इतकी वर्षं
ते मला आधीच ठाऊक असायचं.